मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

प्रश्न : आम्ही घरात पाच जण. आम्ही दोघं, सासूबाई, पंधरा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. दोघंही नोकरी करतो. कमाई वाईट नाही, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. वर्षभरापासून ह्यांनी काटकसर मनावर घेतली आहे. दिवे बंद करत घरभर फिरतात, मोबाइलचे चार्जर उपटतात, टूथपेस्टची ट्यूब कापून आतली काढतात. कुणी पंखा चालू ठेवून उठलं की अर्धा तास ऐकवतात. मुलं वैतागली आहेत आणि सासूबाई बोलणी नकोत म्हणून संध्याकाळी अंधारातच बसतात. एवढं करून बिल येतं तेवढंच. क्रेडिट कार्डावर दीड वर्षापासून थकबाकी आहे, दर महिन्याला मिनिमम भरतो. फ्रिज जुना झालाय, दार नीट लागत नाही. मला बदलावासा वाटतो, ह्यांचं म्हणणं चालतोय तोवर चालू दे. आणि एक गोष्ट ह्यांना माहीत नाही. मी माझ्या पगारातून दरमहा थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकते. बऱ्यापैकी रक्कम साठली आहे. सांगितलं तर तीही हिशेबात धरतील म्हणून बोलले नाही. ह्यांचा स्वभाव वाईट नाही हो, पण पै-पैचा जाब विचारतात. मी चुकतेय का? आणि घरातल्या घरात पैसे खरंच कुठं वाचतात, ते एकदा सरळ सांगाल का?

उत्तर : ताई, लपवलेल्या पैशांचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय हे कळतं. त्याकडे येणारच आहे. आधी चार्जर आणि दिव्यांचा निकाल लावू, कारण तुमच्याकडची निम्मी भांडणं तिथं होतायत.

विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज. नऊ वॉटचा एलईडी दिवा दहा तास जळला तर ०.०९ युनिट होतं. चांगला नवा चार्जर फोन न लावता नुसता खोचून ठेवला तर साधारण ०.१ वॉट खातो. म्हणजे वर्षभर काढलाच नाही तरी युनिट पुरं होत नाही. आता अंघोळीचं पाणी बघा. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला ०.७ युनिट लागतं, आणि यात कुणाशी घासाघीस करता येत नाही, पाण्याचा धर्मच तो. तुमचे यजमान वर्षभर एक चार्जर उपटून जे वाचवतात, ते कुणाच्या तरी एक-दोन अंघोळींत संपतं. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. चिरंजीव दहा मिनिटं गरम शॉवरखाली उभे राहत असतील, तर तेवढ्यात पावणेतीन युनिटं गेली. तेवढ्या विजेत तो नऊ वॉटचा दिवा सलग बारा दिवस, रात्रंदिवस जळला असता.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. बिल का हललं नाही, याचं उत्तर यात आलं.

तेव्हा पहिली गोष्ट आजच करा. सासूबाईंच्या खोलीतला दिवा आणि रात्री बाथरूमकडे जाण्याच्या वाटेवरचा दिवा कुणीही बंद करायचा नाही. वय झालेलं माणूस अंधारात पडलं, तर त्या एका दिवसाच्या खर्चात तो दिवा कित्येक वर्षं जळेल. आणि खर्चाचं सोडा, घरातल्या मोठ्या माणसानं बोलणी नकोत म्हणून काळोखात बसायचं, ही काटकसर कसली?

विजेच्या बाबतीत एकच खूणगाठ बांधा. जे तापवतं किंवा गार करतं, ते खातं. गिझर, इस्त्री, ओव्हन, हीटर, एसी, फ्रिज, कपडे वाळवायचं यंत्र. उजेड पाडणारी आणि आवाज करणारी उपकरणं मानानं बरीच गरीब असतात. साठवणीचा गिझर दिवसभर चालू राहत असेल, तर कुणी नळ उघडला नाही तरी आतली उष्णता बाहेर जात राहते आणि तो पुन्हा पुन्हा पाणी तापवतो. एखादं युनिट नुसतं यातच जाऊ शकतं. सगळ्यांच्या अंघोळी सकाळी लागोपाठ उरकल्या तर तो एकदाच लावावा लागतो. त्याचा काटा टोकाला असेल तर ६० अंशांच्या आसपास आणा. फार खाली मात्र नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कपडे धुण्याच्या यंत्रातही गरम पाण्याचा कार्यक्रम लावला की बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवण्यात नाही. रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरतं. गरम पाणी आजारपणातल्या चादरी-टॉवेलांसाठी ठेवा.

शेगडीवर तोच नियम. उकळी फुटली की आंच बारीक करा. मोठ्या आंचेनं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते आणि ओट्यावरची खिडकी धुरकटते. झाकण ठेवलं की ती वाफ आत राहते. प्रेशर कुकर याच्या पुढची पायरी. आत दाब वाढल्यानं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पदार्थ लवकर शिजतो. हे तुम्हाला माहीत असणारच. पण घरातल्या उरलेल्या चौघांना माहीत आहे का, हे एकदा बघा.

टीव्हीच्या खालचा सेट टॉप बॉक्स हा एक घुम्या खादाड आहे. रिमोटनं 'बंद' केल्यावरही त्यातले काही दहा-बारा वॉट खात राहतात. बारा वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटांच्या वर. यजमानांना काहीतरी उपटायचंच असेल, तर हे उपटू द्या.

विनोद सोडा, पण त्यांना एक खरं काम द्या असं मी सुचवीन. त्यांच्याकडे चिकाटी आहे, लक्ष आहे, फक्त पहारा चुकीच्या दारावर बसलाय. रात्री सगळे झोपताना विजेच्या मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी कुणी उठायच्या आत पुन्हा लिहायचा. माणसं झोपलेली असताना घर किती खातं, ते कळेल. मग एका सुट्टीच्या दिवशी एकेक उपकरण तासभर चालवून आकडा बघायचा. मुलीला सोबत घ्या, दहा वर्षांच्या मुलांना असल्या शोधाची भारी हौस असते. आठवड्याभरात घराचा नकाशा तयार होतो आणि मग कुणी कुणाला ऐकवायची गरज उरत नाही, आकडाच बोलतो. पंख्यावरून अर्धा तास बोलणाऱ्या माणसाला ७५ वॉटचा पंखा अर्ध्या तासात ०.०४ युनिटही खात नाही, हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं तर बरं असतं.

पाण्याचं थोडक्यात. गळका नळ सगळ्यांना दिसतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा मिलिलिटर धरला तर चार लिटरांच्या वर पाणी. पण खरी गळती संडासाच्या फ्लशच्या टाकीत असते आणि ती आवाजही करत नाही. टाकीचं झाकण उचला, खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब आत टाका आणि वीस मिनिटं कुणाला फ्लश करू देऊ नका. भांड्यातल्या पाण्यावर रंग उतरला, तर आतलं रबर गेलंय. ते स्वस्तात बदलून मिळतं. न बदललं तर दिवसाला शेकडो लिटर पाणी असं निमूट वाहून जाऊ शकतं.

आता स्वयंपाकघर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिलावर ज्याचा आकडा छापून येत नाही तो खर्च इथला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ साली अन्नाच्या नासाडीचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं दोन्ही मिळूनही घरांच्या मागे. माणशी वर्षाला ७९ किलो. यात सालं, हाडं, देठं धरली आहेत हे खरं, तरी पाच जणांच्या घराला हे माप लावलं तर रोज किलोभराच्या पुढं जातं.

तुमच्या घरात किती जातं, ते मला सांगता येणार नाही, तुमच्या कचऱ्याच्या डब्याला सांगता येईल. आठवडाभर एक कागद फ्रिजच्या दारावर लावा. जे टाकलं ते आणि का टाकलं ते, दोन शब्दांत. 'अर्धी जुडी, मागे राहिली.' 'शिजवलेलं, कुणी खाल्लं नाही.' 'पाकीट, तारीख गेली.' कुणाचं नाव लिहायचं नाही. हा नियम मोडला तर कागद दुसऱ्याच दिवशी फाटेल. आठवड्यानंतर वाचलात की कारणं दोन-तीनच निघतील.

बहुतेक घरांत पहिलं कारण असतं 'दिसलं नाही'. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या रेषेतला कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा. उरलेलं, कापलेलं, उघडलेलं आणि मऊ पडत चाललेलं तिथं. नवं सामान आणलं की जुनं पुढं, नवं मागं. दुकानदार हेच करतात, म्हणून तर आपण मागं हात घालून पाकीट काढतो. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, पातेलंभर असेल तर उथळ डब्यांत वाटून, म्हणजे लवकर गार होतं. आत तापमान चार अंशांच्या आसपास हवं, फ्रीझरमध्ये उणे अठरा.

दुसरं कारण तारखा. पाकिटांवर दोन प्रकारचे मजकूर असतात आणि घराघरांत त्यांची गल्लत होते. 'या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम' हे चवीबद्दल आणि ताजेपणाबद्दल असतं. नीट ठेवलेला कोरडा पदार्थ त्यानंतरही वास घेऊन, बघून वापरता येतो. 'या तारखेपर्यंतच वापरा' हे मात्र प्रकृतीबद्दल असतं. तिथं धाडस करू नका, नाक सांगेल त्यावरही विसंबू नका.

तिसरं कारण जास्त खरेदी, आणि ती बहुधा बचतीच्याच नावाखाली होते. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे नेहमी खरं नसतं. किलोमागे, लिटरमागे काय पडतं ते बघा. फोनवरच्या गणकयंत्रात किंमत भागिले वजन, एवढंच. आणि मोठ्या पाकिटाचा तिसरा हिस्सा खराब होऊन गेला, तर तो 'स्वस्त' दर दीडपट झाला. '५० टक्के जास्त मोफत' म्हणजे निम्मी सूट नव्हे, तेहतीस टक्के. नेहमीचं ५०० ग्रॅमचं पाकीट गुपचूप ४५० ग्रॅमचं झालं आणि किंमत तीच राहिली, तर भाव ११ टक्क्यांनी वाढला. पंधरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब सोपवा. शाळेतली टक्केवारी त्याला तेवढी कामाची कधी वाटली नसेल. दुकानात तो फोनवर असतोच, निदान त्यात काहीतरी भागेल तरी.

दोघंही नोकरी करता म्हणजे थकलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवणं होत असणार. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, सांगूनही होणार नाही. पण वीस मिनिटांत ताटात येतील असे दोन पदार्थ ठरवून त्यांचं सामान कायम घरात ठेवा. आणि ते तुमच्याशिवाय आणखी दोघांना करता यायला हवेत. बाहेरून मागवायचा निर्णय भुकेल्या पोटी होतो, आणि त्या वेळी 'घरात काहीच नाही' हे वाक्य सगळ्यात महाग पडतं.

हे झालं रोजचं. पण वीज, पाणी, अन्न सगळं सुधारूनही महिनाअखेरीला हात रिकामा राहू शकतो, कारण काही पैसे आपण खर्च करत नाही, ते आपोआप जातात. दोघांच्या खात्यांची आणि कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा. तीन महिन्यांनी भागत नाही, वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे त्यात सापडत नाहीत. जे जे पुन्हा पुन्हा जातं त्याखाली रेघ मारा. ओटीटी, ॲप, जिम, फोनवरची जास्तीची साठवण, कधीतरी 'महिनाभर मोफत' म्हणून घेतलेलं काहीतरी, बंद पडलेल्या उपकरणाची वॉरंटी. रेघ मारलेल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा, आज हे नव्यानं घेतलं असतं का? उत्तर 'नाही' किंवा 'हे काय आहे?' असेल तर त्याच दिवशी बंद. विम्यासारख्या गोष्टी तडकाफडकी बंद करायच्या नाहीत, तिथं नूतनीकरणाच्या आधी दोन-तीन ठिकाणचे दर मागवायचे. इंटरनेटचंही तसंच. सोडून चाललोय असं सांगितल्यावर कंपन्यांना अचानक स्वस्त योजना आठवते.

त्याच स्टेटमेंटांत दुसरी एक गोष्ट दिसेल. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, लग्नकार्यातले आहेर, दातांचे डॉक्टर. हे सगळं 'अचानक' आलं असं आपण म्हणतो, पण गेल्या वर्षीही ते आलंच होतं. वर्षाची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी काढा. तुमचं कार्ड असल्याच एखाद्या 'अचानक'मुळे थकलं असणार, असा माझा अंदाज आहे.

कार्डाकडे आलोच आहोत तर नीट बसून ऐका. तुमच्या घरातला मोकळा दरवाजा हा आहे. गिझर, फ्लशची टाकी, ओटीटी सगळे मिळून त्याच्यापुढं किरकोळ. महिन्याला तीन टक्के व्याज ऐकायला बारीक वाटतं, पण ते व्याजावर व्याज चढत वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढं जातं. काही भरलंच नाही तर चोवीस महिन्यांत रक्कम दुप्पट. मिनिमम भरण्यानं काय होतं? समजा दरमहा एकूण थकबाकीच्या पाच टक्के भरलेत आणि कार्डावर नवीन काहीही घेतलं नाही. शंभराच्या थकबाकीवर दीड वर्षात तुम्ही जवळपास ७८ भरता आणि थकबाकी ६८ च्या आसपास उरते. अठ्ठ्याहत्तर देऊन बत्तीस फिटले. तुमच्या कार्डाचा नेमका दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात छापलेला असेल, तो शोधा आणि चष्मा लावून वाचा. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बहुतेक कार्डांवर मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे सध्या कार्डावर घेतलेलं प्रत्येक सामान छापील किमतीपेक्षा महाग पडतंय, त्यावर सूट असली तरी.

आणि आता तुमचं खातं.

बचत खात्यातल्या पैशांवर मिळणारं व्याज आणि कार्डावर भरावं लागणारं व्याज यांची तुलनाच होत नाही. तुम्ही लपवून साठवलेल्या पैशांवर जे व्याज मिळतं, त्याच्या कितीतरी पट घर तेवढ्याच थकबाकीवर दुसऱ्या हातानं गमावतंय. तेव्हा पैशापुरतं बोलायचं तर उत्तर सरळ आहे. एखाद्या महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम अडीअडचणीसाठी ठेवा आणि बाकीची कार्डात भरा. एवढी खात्रीची 'कमाई' दुसरीकडे कुठंही होणार नाही.

पण तुम्ही विचारलंत ते 'मी चुकतेय का'. पैसे बाजूला काढले यात मला चूक दिसत नाही. ज्या घरात प्रत्येक पैशाचा जाब द्यावा लागतो, तिथं माणसं जाब न द्यावा लागणारे पैसे तयार करतात. तुम्ही खातं काढलंत. मुलगाही काहीतरी करत असेल, मला शंका आहे. ज्याला त्याला थोडी मोकळीक लागते. ती उघडपणे मिळाली नाही की लपून घेतली जाते. म्हणून यजमानांना हे सांगताना त्यासोबत एक मागणीही ठेवा. घरखर्च, वार्षिक खर्च आणि कार्डाचा हप्ता निघाल्यावर दोघांच्या नावानं सारखी, छोटी का होईना, रक्कम निघेल आणि तिचा हिशेब कुणी कुणाला विचारणार नाही. त्यांनी त्यातून काय घेतलं हे तुम्हीही विचारायचं नाही बरं का. नवं टूथपेस्ट घेतलं तरी.

सांगायचं कसं? आधी स्टेटमेंटं आणि वहीतले मीटरचे आकडे पुढ्यात असू द्या. मुलं झोपल्यावर, महिन्याच्या मध्यावर, बिल आलेल्या दिवशी तर मुळीच नाही. कार्डाचा तो अठ्ठ्याहत्तर-बत्तीसचा हिशेब त्यांना स्वतःला मांडू द्या, आकड्यांचा माणूस आहे, त्यांना तो लगेच उमगेल. मग सांगा, 'हे फेडायला माझ्याकडे पैसे आहेत.' कुठून आले, का सांगितलं नाही, हे ते विचारतीलच. तेव्हा खरं कारण सांगा, तुम्ही मला लिहिलंत त्याच शब्दांत. ते दुखावतील. थोडं दुखावू द्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका. स्वभाव वाईट नाही असं तुम्हीच म्हणता, तर एका रात्रीत ते यातून सावरतील. मात्र पैशांवरून धाक, धमकी, तुमचा पगार काढून घेणं असं काही घडत असेल आणि ते तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर माझा सल्ला उलटा आहे. खातं तसंच ठेवा आणि आधी विश्वासातल्या माणसाशी बोला.

कार्ड फिटलं की त्याचा हप्ता मोकळा होईल. तो घरखर्चात विरघळायच्या आत, त्याच तारखेला, बचतीच्या खात्यात आपोआप जाईल अशी सोय बँकेत करून टाका. पुढच्या पगारवाढीचंही आत्ताच ठरवा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली एका योजनेचे निकाल छापले. त्यात कर्मचाऱ्यांनी आजच्या पगाराला हात न लावता पुढच्या प्रत्येक वाढीतला हिस्सा बचतीला आधीच लिहून दिला होता. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात न आलेले पैसे सोडताना जीव तुटत नाही, एवढाच त्यातला मुद्दा.

मुलांना किती सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. थकबाकीची रक्कम धाकटीला सांगू नका, रात्री तिला झोप लागणार नाही. मुलाला सांगायला हरकत नाही. पण त्याला नुसती चिंता देऊ नका, अधिकारही द्या. त्याचे कपडे, वह्या, फोनचं रिचार्ज यांचे तीन महिन्यांचे पैसे एकदम त्याच्या हाती द्या. मधेच संपले तर वाढवून द्यायचे नाहीत आणि उरले तर काढून घ्यायचे नाहीत. पहिल्या खेपेला ते संपतीलच. संपू द्या, आणि त्यावरून व्याख्यान नको, ते त्याच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलंय.

राहिला फ्रिज. यात तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. पंधरा-वीस वर्षं जुना फ्रिज नव्याच्या दुप्पट वीज खाऊ शकतो, पण तुमचा खातोच असं नाही, मोजावं लागेल. प्लगला लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो दोन-तीन दिवस लावून ठेवा. दार नीट लागत नाही म्हणता, तर दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा आणि ओढून बघा. अलगद निघाला तर कडेचं रबर सैल झालंय. आधी ते कोमट साबणाच्या पाण्यानं नीट पुसा, कित्येकदा नुसत्या मळानंच दार चिकटत नाही. तरी सैल राहिलं तर रबर बदलून घ्या. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर चढला असेल तर तो वितळवा आणि फ्रिजमागच्या जाळीवरची धूळ झटका. एवढं केल्यावर पुन्हा मोजा. तरीही आकडा अवाच्या सवा आला, तर नवा घ्या, पण कार्ड फिटल्यावर आणि रोखीनं. हप्त्यावर नको.